गाडीची घडी

ते साल दोन हजार एकेचाळीस. कोल्हापुरात तेव्हा पेट्रोलचा एकच पंप उरला होता, आणि तिथं येणारी माणसं देवळात आल्यासारखी गुमान उभी राहायची. बाकी सगळ्या गाड्या विजेवर, स्वतःच्या स्वतः, आणि इतक्या मुकाट चालत की पाठीमागून गाडी आली की मांजर, हे वळून बघितल्याशिवाय कळत नसे. माझ्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी मोटार वळली की आम्ही पोरं आवाजावरून सांगायचो, डॉक्टर आले की मामलेदार. पेट्रोलचा वास आला की पाहुणे आले असं वाटायचं. आता पाहुणे यायचे ते थेट दारातच उगवायचे, कपाळावर आठी पडायलाही वेळ मिळत नसे.

आमच्या घरात मात्र एक आवाज शिल्लक होता. त्याचं नाव व्हेलोर्ता.

माझे यजमान भूपाल मगदूम यांची शिरोलीला फौंड्री होती. लोखंड वितळवून पंपांची कास्टिंगं ओतायचे. एकतीस साली त्यांनी ती विकली आणि आलेल्या सगळ्या पैशात ही इटलीची गाडी घेतली. लाल, बसकी, पाटाएवढी उंच. शर्यतीच्या गाडीचं इंजिन, पेट्रोलवर चालणारं, कंपनीनं काढलेलं शेवटचं.

"एवढ्यात पाच एकर आली असती," मी म्हणाले.

"जमीन कोणबी घेतंय. ही जगात नव्याण्णवच हैत. धा वर्षांनी बघ, किंमत कुठं जाती ते."

"आणि त्यांनी शंभरावी काढली तर?"

"काढणार न्हाईत. लिहून दिलंय त्यांनी."

दुर्मिळ गाडी म्हणजे सोनं, फक्त वापरायची नाही, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक होतं. मीटरवर अकरा किलोमीटर होते, कारखान्यातले आणि बंदरावरचे, ते अकराच राहिले पाहिजेत. मग आमच्या घरात एक वाक्य राहायला आलं, "गाडी विकली की." माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या होत्या. डॉक्टर म्हणाले बदला. हे म्हणाले, गाडी विकली की. हॉलचं छत गळायचं, गाडी विकली की. आंबोलीला जायचं, गाडी विकली की.

आंबोलीचं थोडं सांगायला हवं. लग्नानंतर सत्त्याऐंशी साली आम्ही स्कूटरवरून आंबोलीला निघालो होतो. घाटातल्या एका मोठ्या वळणावर मला मळमळलं, पुढच्या वळणावर ट्यूब फुटली, आणि आम्ही काजूच्या पोत्यांवर बसून ट्रकमधून परत आलो. "पुढच्या टायमाला मोटारीतून नेतो," हे म्हणाले. पुढचा टाईम आला नव्हता.

तरी दर रविवारी आम्ही जायचो. म्हणजे असं, की सकाळी आठ वाजता हे गॅरेजचं शटर वर करायचे, धूर बाहेर जायला पन्हळीएवढा पाईप जोडायचे, पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेल्या पोलादी तबकड्या सारायचे, म्हणजे टायर घासू नयेत, आणि चप्पल बाहेर काढून आत बसायचे. इंजिन चालू व्हायचं. अख्ख्या कॉलनीच्या खिडक्या थरथरायच्या. शेजारचे घोरपडे मिसळीचं ताट हातात घेऊन कुंपणाशी येऊन ऐकायचे. मला आत बसायची परवानगी नव्हती, सीटवर माझ्या साडीची जरतार घासेल म्हणून. साडीची नव्हे, सीटची काळजी. मी खिडकीशी उभी राहायची, त्यांच्या कॉफीचा पेला धरून.

"उत्तूर गेलं," हे स्टिअरिंग फिरवत म्हणायचे. "आजरा आला. काजू घ्यायचं?"

"घ्या अर्धा किलो."

"आता घाट. धरून बस."

मी उभीच असायची, पण धरायची.

*

एकेचाळीसच्या संक्रांतीला आमच्या लेकीची लेक अन्विता पुण्याहून आली. ती तिथल्या प्रयोगशाळेत धातूंवर काम करायची. येताना तिनं मिक्सरच्या भांड्याएवढं एक यंत्र आणलं होतं. ते कुठल्याही लोखंडाला टेकवलं, की त्या लोखंडानं आजवर काय सोसलं ते यंत्र सांगायचं.

"लोखंड कसलं सांगतंय," हे म्हणाले. "चाळीस वर्षं वितळवलं मी. एक अक्षर बोललं न्हाई."

"आजोबा, तुम्ही वितळवलंत म्हणून तर ते विसरलं." अन्विता मांडी घालून बसली. "असं बघा. धातूच्या आत अणू ओळीनं बसलेले असतात, शाळेत प्रार्थनेला मुलं बसतात तसे. धक्का बसला, पीळ बसला, की एखादी ओळ जराशी सरकते. ती पुन्हा पहिल्या जागी येत नाही. तिथं एक सुरकुती राहते. डोळ्याला दिसत नाही, पण ध्वनीच्या अतिशय बारीक लहरी सोडल्या की परत येताना त्या तिथं अडखळतात."

"म्हणजे साडीची घडी मोडल्यासारखं," मी म्हणाले. आमच्याकडं नवी साडी पहिल्यांदा नेसण्याला घडी मोडणं म्हणतात. ज्या बाईवर जीव असेल तिला मुद्दाम सांगतात, माझ्या साडीची घडी तू मोड.

"अगदी तसंच, आज्जी! आणि एकदा मोडली की कितीही इस्त्री करा, कळतंच."

"पण मोडली कधी, ते कसं कळणार?"

"धुळीवरून. धातूत काही भटके अणू असतात. ते हळूहळू, वर्षानुवर्षं सरकत त्या घडीत येऊन बसतात. जितकी जास्त गर्दी तितकी घडी जुनी."

यांच्यातला फौंड्रीवाला जागा झाला. "भट्टीत घालून जरा तापवलं की बसतील की सगळे पटापट."

"बसतील. पण भट्टी सगळ्या घड्या एकाच वयाच्या करते, आजोबा. खऱ्या आयुष्यात एक घडी कालची असते, एक दहा वर्षांपूर्वीची."

भट्टीवरून यांना गप्प बसवणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्या यंत्राचं मूळ नाव फार लांब होतं, अन्वितानं घरी ते घडीयंत्र करून टाकलं आणि पुढं सगळीकडं तेच झालं.

*

होळीपर्यंत घडीयंत्र गाड्यांच्या बाजारात शिरलं. मीटर मागं फिरवता येतं, लोखंड कसं फिरवणार? "एकदाही न वापरलेली" म्हणून काचेच्या खोल्यांत ठेवलेल्या कितीतरी गाड्या मालकांनी गुपचूप पळवल्या होत्या, हे उघड झालं. एका सरदारजींच्या गाडीनं तर सांगितलं की ती लग्नाच्या वरातीत ढोलाच्या ठेक्यावर नाचली आहे. ज्यांची घडी खरोखर मोडलेली नव्हती अशा गाड्यांच्या किमती आभाळाला टेकल्या.

"बघितलंस?" हे पेपर नाचवत म्हणाले. "माझी एकदम कोरी. फोन लाव त्या लिलाववाल्यांना."

लिलाव कंपनीचे कारखानीस मुंबईहून आले. इस्त्रीचा शर्ट, टाय, मऊ आवाज, गाडीशी बोलताना बाळाशी बोलावं तसं बोलायचे. मी हिशेब आधीच मांडला होता, दोन गुडघे, एक छत, आणि वर उरेल ते. कारखानीसांनी यंत्र गाडीच्या पोटाला, दांड्यांना, इंजिनच्या पायांना लावलं. मग पडद्याकडं बघत बराच वेळ टाय सैल करत बसले.

"मगदूमसाहेब, गाडी किती चालली आहे?"

"मीटर बघा की. अकरा."

"मीटर अकराच म्हणतंय. चाकांचे आस तर काहीच म्हणत नाहीत. पण स्टिअरिंगचा दांडा म्हणतोय, ही गाडी दहा वर्षं दर आठवड्याला डोंगरात जातेय."

कुंपणावरून घोरपडे म्हणाले, "आंबोलीला."

"डावीकडं, उजवीकडं, मग एक सपाट रस्ता. इथं थांबा."

"काजू," मी म्हणाले.

"मग घाट. इंजिन ओढ घेतंय, गिअर खाली येतोय. सगळं अगदी बरोबर आहे." कारखानीसांचा मऊ आवाज फाटला. "फक्त टायर बरोबर गेलेले नाहीत!"

"हलली कुठं ओ ती?" हे ओरडले. "जाग्यावर तर हाय!"

"हलली नाही. पण घडी मोडलीय, साहेब. आणि हे एक वळण आहे, इथं प्रत्येक वेळी तुम्ही अगदी हळू झालात. पाय अलगद उचललाय. दहा वर्षांत एकदाही चुकला नाहीत. इथं काय आहे?"

हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिथं हिला मळमळतंय."

कारखानीसांनी कागदावर 'वापरलेली' असं लिहिलं आणि चहा न घेता गेले. माझे दोन्ही गुडघे, छत, सगळं त्या एका शब्दात गेलं. मला संताप यायला हवा होता. तसा आलाही, पण पोहोचायला त्याला उशीर झाला. मी त्या वळणावरच अडकले होते.

*

गणपती बसायच्या सुमारास शंभरावी आली.

कंपनीनं नाही काढली. चीनमध्ये कुणीतरी काढली. धातूची छपाई करणारी यंत्रं होतीच, आता ती एकेक अणू ओळीत मांडायला शिकली. त्यांना एका व्हेलोर्ताचा नकाशा मिळाला, आणि कागद छापावा तशी त्यांनी गाडी छापली. इंजिनसकट, नंबरसकट, सहीसकट. मग शंभरावीच्या मागं दोनशेवी, मग हजारावी. खऱ्या व्हेलोर्तासाठी नंबर लावून नऊ महिने थांबावं लागलं होतं. आता आठवड्यात घरपोच.

त्यातली गंमत अन्वितानं फोनवर सांगितली. "आज्जी, छापलेल्या गाडीत एकही घडी नसते. आणि काचेच्या खोलीत ठेवलेल्या खऱ्या गाडीतही नसते. मग खरी कुठली?"

"कळतच नाही?"

"कसं कळणार? दोघीही कोऱ्या."

ज्यांच्या गाड्या सर्वांत शुद्ध त्यांचंच दिवाळं निघालं. ज्यांनी गाड्या पळवल्या त्यांच्या गाड्या खऱ्या ठरल्या, पण त्या बिचाऱ्या झिजलेल्या, ठोकलेल्या. घड्या छापता येतात, पण घडीतली दहा वर्षांची धूळ छापता येत नाही.

आणि एके दिवशी कारखानीस आमच्या दारात उगवले. या वेळी पेढे घेऊन. चहा दोनदा घेतला.

"साहेब, जगात एकच गाडी अशी आहे, जी खरी आहे हे सिद्ध होतं आणि जी झिजलेली नाही. दहा वर्षांच्या घड्या, आणि चाकं कोरी. ही तुमची."

"वापरलेली म्हणालावता की," हे म्हणाले.

"अपमान मनात धरू नका."

त्यांनी किंमत सांगितली. मी मनातल्या मनात गुडघ्यांत भागून बघितली. गुडघे संपले, छत संपलं, तरी उरत होतं. दोघांना पुरेल असं म्हातारपण उरत होतं. यांनी सही केली.

"गुरुवारी ट्रक येईल," कारखानीस म्हणाले. "तोवर फक्त एक करा. गाडीला हात लावू नका. चाक एक इंचसुद्धा फिरता कामा नये. आता सगळी किंमत त्या चाकांत आहे."

"मग कुठं नेणार तिला?" मी विचारलं.

"थंड गोदामात. गंज चढू नये म्हणून नायट्रोजन भरलेलं. तिथं ती शंभर वर्षं अशीच राहील."

ते ऐकून मला माझ्या आईचा शालू आठवला. जांभळा, बारीक बुट्ट्यांचा. चांगल्या कार्याला नेसायचा म्हणून तिनं तो जन्मभर ट्रंकेत ठेवला. प्रत्येक कार्य तिला शालूपेक्षा थोडं कमीच वाटलं. ती गेल्यावर मी तो उलगडला, तर घडीघडीवर चिरलेला. न नेसताच फाटला होता. पण गाडी देऊ नका असं म्हणू कशी? गुडघे माझे होते.

*

रविवारी सकाळी आठ वाजता सवयीनं शटर वर गेलं. मी सवयीनं कॉफीचा पेला घेऊन खिडकीशी गेले. हे आत बसले होते, पण इंजिन चालू केलं नव्हतं. त्यांनी वाकून पलीकडचं दार उघडलं. ते दार वर उघडायचं, पंखासारखं. मला दहा वर्षांत ते माहीतच नव्हतं.

"बस," हे म्हणाले.

"खूळ लागलंय काय? गुरुवारी ट्रक येतोय!"

"म्हणूनच."

"अहो, माझे गुडघे आहेत त्या चाकांत!"

"ठाव हाय मला." ते पुढं बघत राहिले, जणू काचेपलीकडं खरंच उत्तूर होतं. "त्या गोदामात तिची घडी कोण मोडणार न्हाई. तू मोड."

बायकांचा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता. आता यावर नाही म्हणायचं तर काळजाच्या जागी दगड हवा. मी कॉफीचा पेला घोरपड्यांच्या हातात दिला.

बसायचं म्हणणं सोपं होतं. सीट जमिनीपासून वीतभर वर, आणि माझे गुडघे वाकायला तयार नाहीत. शेवटी घोरपड्यांची शालनवहिनी आली. तिनं पाठीमागून बगलेत हात घातले, घोरपड्यांनी पाय धरले, आणि दोघांनी मिळून मला पोतं उतरवावं तशी आत उतरवली.

"वहिनी, आता बाहेर कशी निघणार गं तू?" शालन म्हणाली.

"आंबोलीला गेल्यावर बघू."

गाडी गर्जना करत फाटकाबाहेर पडली. सगळी कॉलनी टाळ्या वाजवत होती. आणि वीस हातांवर, आमच्याच कॉलनीनं आमच्याच वर्गणीतून घातलेल्या गतिरोधकावर, जगातली एकमेव गाडी पोट टेकून बसली. पुढची चाकं पलीकडं. मागची अलीकडं. मधे उंचवटा. पोटाखालून असा आवाज आला की यांनी स्वतःचं पोट धरलं.

"ही वर्गणी मीच गोळा केलीवती," घोरपडे म्हणाले. "भूपालराव, माफ करा."

"माफी ऱ्हाऊ दे. फळ्या आणा!"

फळ्या आल्या. गणपतीच्या मांडवाच्याच होत्या. आठ जणांनी कडेनं हात घातले आणि "मोरया" म्हणत गाडी उचलली. आत मी होतेच, मला काढणं जास्त कठीण होतं.

मग आम्ही गेलो. खरोखर गेलो. उत्तूर गेलं, आणि ते मागं गेलं, हे मला नवीनच होतं. आजऱ्याला काजू घेतले, दुकानदारानं खिडकीतून दिले आणि पैसे नको म्हणाला, फक्त एकदा आवाज करा म्हणाला. यांनी केला. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी आतून ओरडून विचारलं, "कोण, डॉक्टर आले काय रं?"

घाटात यांचे हात आपोआप फिरत होते. दहा वर्षांचा सराव होता, एक वळण चुकलं नाही. ते मोठं वळण आलं तसा त्यांनी पाय अलगद उचलला.

"मळमळतंय?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही."

"मग धा वर्षं मी उगंच थांबत आलोय तिथं," हे म्हणाले, आणि इतके हसले की मलाच सांगावं लागलं, पुढं बघा.

आंबोलीला मी खाली उतरू शकले नाही. टपरीवाल्या बाईनं चहा दारातून आत दिला. धुकं होतं, दरी दिसलीच नाही. आम्ही दोघं त्या लाल डब्यात बसून काजू खात राहिलो. यांच्या सदऱ्यावरचा चुरा सीटवर पडला, तो त्यांनी झाडला नाही.

*

गुरुवारी कारखानीस आले. यंत्र लावलं. पडद्यावर त्यांना दहा वर्षांच्या आंबोल्या दिसल्या, आणि सगळ्यांच्या वर एक ताजी, धूळ न बसलेली. ती मात्र चाकांत, आसांत, पोटात, सगळीकडं होती.

"मी सांगितलं होतं," ते रडवेले होऊन म्हणाले. "हात लावू नका!"

"हिनं मोडली," हे माझ्याकडं बोट दाखवून अभिमानानं म्हणाले.

किंमत पुन्हा ठरली. ती मी पुन्हा गुडघ्यांत भागली. छत गेलं, म्हातारपण गेलं, आणि बरोबर एक गुडघा आला. उजवा. जगात कुणी आंबोलीला जायला एक गुडघा खर्च केला असेल असं मला वाटत नाही.

ती गाडी नॉर्वेतल्या एका बाईंनी घेतली. त्या ती चालवतात, असं कळलं. छापलेल्या व्हेलोर्ता पुढं इतक्या झाल्या की आमच्या कॉलनीतही दोन आल्या. त्या गतिरोधकावर दोन्ही अडकल्या. कारखानीसांनी गाड्यांचा नाद सोडला आणि आता ते जुन्या तांब्यापितळेच्या भांड्यांच्या घड्या वाचतात. कुणाच्या पणजीनं कुणावर तांब्या फेकला होता, ते सांगतात, आणि त्यांना बोलावणी पुष्कळ असतात. घोरपड्यांनी दुसरी वर्गणी काढून गतिरोधक उतरता करून घेतला. शालनच्या पाठीत त्या दिवशी उसण भरली होती, ती अजून माझ्या नावानं शेकते.

आमचे हे पंचेचाळीस साली गेले. शेवटपर्यंत येईल त्याला सांगायचे की दुर्मिळ गाडी घेऊन ठेवण्यात मोठा फायदा आहे. कसला, ते सांगत नसत.

अन्विता आता मोठी शास्त्रज्ञ आहे. मागल्या दिवाळीला आली तेव्हा गंमत म्हणून तिनं घडीयंत्र माझ्या उजव्या गुडघ्याला लावलं. तो गुडघा धातूचा आहे, हे मी विसरूनच गेले होते. पडद्यावरची घडी तिनं बोटानं मोठी करून बघितली.

"आज्जी, दर रविवारी सकाळी आठला तू एकाच जागी एवढा वेळ उभी का असतेस?"

"कॉफी गार करत," मी म्हटलं.

उजवा गुडघा चहाडखोर निघाला. त्यापेक्षा डावा बरा. तो नुसता दुखतो.